गव्हाच्या काडीतला आज्जा आणि करवंटीची मिशी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ मशीनवर आयुष्य गेलं, त्यामुळं हातात कानस बसलेली. रिटायर झाल्यावर आज्जाचा फेट्यातला फोटो गव्हाच्या काडीत केला. कसा, ते सांगतो.

आधी काडी. मशीननं मळलेलं काड चेचलेलं असतं, उपयोगाचं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये विळ्यानं कापणी करणारा शेतकरी गाठा आणि पेंढीभर काड मागून घ्या. पेरांच्या गाठी कापून टाका, वरचं पातं सोला आणि मधला नळीचा भाग अर्धा तास गरम पाण्यात ठेवा. मऊ पडला की ब्लेडनं उभा चिरा, आतला भुसभुशीत गर सुरीच्या पाठीनं खरवडा आणि इस्त्री फिरवा. चपटी, सोनेरी पट्टी मिळते. इस्त्री जास्त वेळ दाबली की तीच पट्टी बदामी होते, मग तपकिरी. रंगाला एक रुपया लागत नाही. घरातली रोजच्या वापरातली इस्त्री मात्र घेऊ नका, काडीचा डाग पांढऱ्या शर्टावर उठला की घरात राहणं अवघड.

फोटोची काळी-पांढरी झेरॉक्स काढा आणि उजेड-सावलीचे चारच भाग पाडा. जास्त पाडले की चेहरा चिवडा होतो. नुसत्या छटेतून चेहरा कसा उभा राहतो ते बघायचं असेल तर राजारामपुरीतल्या संग्रहालयात नट-चित्रकार चंद्रकांत मांढरेंची पावडर शेडिंगची, म्हणजे पूड घासून छटा दिलेली, चित्रं बघून या.

पट्ट्या शेजारी शेजारी फेविकॉलनं पातळ कागदावर चिकटवा, वाळल्यावर त्यातून आकार कापा. आकार कागदाच्या मागच्या बाजूला आखतो आपण, म्हणून आखणी उलटी हवी. मी हे विसरलो. आत्या चित्र बघून म्हणाली, "अरे, दादांचा तीळ डाव्या गालावर होता की!" अख्खा गाल पुन्हा केला.

काडीची दिशा बदलली की चमक बदलते. फेट्याच्या प्रत्येक घडीत काडी तिरकी फिरवा. पहिल्यांदा सगळ्या उभ्या लावल्या होत्या, फेटा कसला, कुडाची भिंत दिसत होती!

मिशी करवंटीची. अंबाबाईला नारळ फोडला की करवंटी घरी येतेच. हॅक्सॉच्या पात्यानं मिशीचा आकार कापा. तोंडाला रुमाल बांधा, पूड घशात बसते. मग कानस, त्यानंतर 80, 220 आणि 400 नंबरचा पॉलिश पेपर. करवंटीचा बाक सपाट करायला जाऊ नका, त्यानंच मिशी उठून दिसते. फक्त कडा आतून घासून टेकवा आणि अ‍ॅरल्डाइटनं चिकटवा. फेविकॉल तिथं टिकत नाही. कापलेले आकार आणि मिशी, सगळं चिकटवायचं ते 6 मिमीच्या काळ्या रंगवलेल्या प्लायवर.

शेवटी मिशीला बोटानं खोबरेल लावा. काडीला थेंबही लागू देऊ नका, डाग जात नाही.