चेनसॉ आणि ग्रास कटरचं पेट्रोल: या चुका टाळा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि गावोगावचे रस्ते आडव्या पडलेल्या झाडांनी बंद झाले. ज्याच्याकडे चेनसॉ होता, त्याच्या दारात त्या दिवसांत माणसं उभी असायची. आमच्याकडेही एक होता. आधल्या वर्षी लाकडं तोडून झाल्यावर टाकीत निम्मं पेट्रोल तसंच ठेवून पडवीत टाकलेला. दोरी ओढून खांदे भरून आले, पण मशीन काही सुरू झालं नाही. शेवटी कुऱ्हाडीने फांद्या तोडून वाट मोकळी करावी लागली.

मशीनमध्ये बिघाड नव्हता. पेट्रोल शिळं झालं होतं. तेव्हापासून मी पेट्रोलकडे दुधासारखं बघतो: आणलं कधी, ठेवलं कशात आणि किती दिवस झाले. कोणत्या पंपाचं, साधं की महागडं, हे प्रश्न त्यानंतरचे.

सगळ्यात मोठी चूक हीच, की हंगाम संपला तरी पेट्रोल टाकीतच राहतं. कोकणात बेणणी, म्हणजे बागेतलं गवत काढणं, झाली की ग्रास कटर कोपऱ्यात जातो तो थेट पुढच्या पावसाळ्यात बाहेर येतो. तेवढ्या काळात पेट्रोलमधला पटकन पेट घेणारा हलका भाग उडून जातो. उरलेल्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, सुईएवढ्या भोकांत बसतो. त्यातच आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल ओल धरून ठेवतं. दमट हवेतून थोडं पाणी जातंच, पण त्याहून जास्त पाणी आपल्या हातून जातं. पावसात झाकण उघडणं, ओलं नरसाळं, अर्धवट बंद केलेला कॅन. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं.

टू-स्ट्रोक मशीनला (चेनसॉ आणि बरेच ग्रास कटर याच जातीचे) खरा धोका इथे आहे. त्याला वेगळं इंजिन ऑइल नसतं. पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. ते ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, तळाच्या पाणी-इथेनॉलच्या थरात ते जवळजवळ नसतंच. आणि टाकीतला फिल्टर लोंबकळत असतो नेमका तळाशी. मशीन चुकून सुरू झालंच, तर कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टन घासतो आणि जाम होतो. दुरुस्तीचा खर्च ऐकून माणसं मशीन भंगारात देतात.

म्हणून दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच पेट्रोल-ऑइलचं मिश्रण करा. महिना उलटला असेल तर ते मशीनमध्ये घालू नका. ऑइल न मिसळलेलं पेट्रोल उरलं, तर ताजं आहे तोवर मोटरसायकलमध्ये ओतून टाका. जुनं मिश्रण विहिरीजवळ, गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका. ते गॅरेजवाल्याकडे द्या.

दुसरी चूक ऑक्टेनची, म्हणजे पेट्रोल दाबाखाली वेळेआधी पेट न घेता किती टिकतं त्या आकड्याची. ‘पॉवरवालं घाल, मशीन जोरात चालेल’ हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे. बहुतेक चेनसॉ आणि कटरच्या पुस्तिकेत किमान ९० च्या आसपास ऑक्टेन मागितलेलं असतं. आपल्याकडच्या २० टक्के इथेनॉलच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९५ असतं, कारण इथेनॉलनेच ते वाढतं. त्यामुळे जास्त ऑक्टेनसाठी जादा पैसे देऊन या इंजिनाची ताकद वाढत नाही. पेट्रोल महाग आहे म्हणून त्यात इथेनॉल कमी असेल, असंही धरून चालू नका. ते इथेनॉलविना आहे असं तेल कंपनीने स्वतः जाहीर केलं असेल, तरच वर्षातून चार दिवस लागणाऱ्या चेनसॉसाठी जादा पैसे मोजणं मला पटतं.

पुस्तिकेतला इथेनॉलचा आकडाही वाचा. अनेक मशीनच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच मुभा लिहिलेली असते. नव्या गाड्यांमध्ये पेट्रोल-हवेचं प्रमाण संगणक सांभाळतो. आपल्या कटरमध्ये ते कार्बोरेटरच्या स्क्रूवर ठरतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच सेटिंगवर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन जास्त तापतं. मशीन जुनं असेल तर जाणत्या मेस्त्रीकडून सेटिंग एकदा तपासून घ्या. पेट्रोलची नळी दर हंगामाआधी बोटाने दाबून बघा. फुगलेली, चिकट किंवा तडकलेली वाटली तर बदला, तिला फार पैसे लागत नाहीत.

इथेनॉल काढून टाकायला पेट्रोलमध्ये पाणी घालून वरचा थर वापरायचा, असा एक उद्योग हल्ली मोबाइलवर फिरतो. कृपा करून तो करू नका. इथेनॉलबरोबर ऑक्टेनही जातं आणि उरलेल्या पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश राहतो. स्वस्त पडावं म्हणून रॉकेल मिसळणं तर इंजिनाच्या जिवावरच बेतणारं.

आता ऑइल. ५० ला १ म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, एका लिटरला २० मिली; २५ ला १ म्हणजे ४० मिली. कोणतं प्रमाण, हे तुमची पुस्तिका सांगेल. एकाच मशीनला कंपनीच्या ऑइलसाठी एक आणि बाहेरच्या ऑइलसाठी दुसरं प्रमाण दिलेलं असू शकतं. बुचाने, अंदाजाने मोजू नका. औषधांच्या दुकानात २० मिलीची सिरिंज मिळते, ती यासाठीच बाजूला ठेवा. कॅनमध्ये थोडं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, आणि प्रत्येक वेळी टाकी भरण्याआधी कॅन हलवून घ्या. थेट मशीनच्या टाकीत ऑइल ओतलं तर ते नीट मिसळत नाही.

डब्यावर जासो (JASO, ऑइलचा जपानी दर्जा) एफसी किंवा एफडी लिहिलेलं ऑइल घ्या. किनाऱ्यावरच्या गावांत होड्यांच्या मशीनचं ऑइल सहज हाताशी असतं. त्यावर टीसी-डब्ल्यू३ (TC-W3) लिहिलेलं असेल तर ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे. चेनसॉ हवेवर थंड होतो आणि खूप तापतो, त्याला ते चालत नाही.

फोर-स्ट्रोक कटरला ऑइल वेगळं लागतं, त्याच्या पेट्रोलमध्ये काही मिसळायचं नाही. पण इथेही एक फसगत आहे. श्टील (Stihl) कंपनीच्या फोर-मिक्स जातीच्या इंजिनाला व्हॉल्व्ह असतात, ते फोर-स्ट्रोकच आहे, तरी त्याला ऑइल मिसळलेलंच पेट्रोल लागतं. घरात दोन प्रकारची मशीन असतील तर दोन वेगळ्या रंगांचे कॅन ठेवा आणि त्यावर ठळक लिहा. मजुराला तोंडी सांगितलेलं घाईत विसरायला होतं. चूक त्याची नसते.

मशीन अडलंच तर लगेच कार्बोरेटर उघडू नका. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. जवळ विडी-काडी नको. तळाला वेगळा थर दिसला किंवा आंबूस, वार्निशसारखा वास आला, तर सगळं काढून ताजं मिश्रण भरा. निम्म्या वेळा तेवढ्यावर काम होतं. सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल तर झाकण किंचित सैल करून बघा. चाललं तर झाकणातली हवेची वाट तुंबली आहे. झाकण सैल असेपर्यंत मशीन उभंच ठेवा, आडवं करू नका. रेस दिल्यावर दम तोडत असेल तर आधी टाकीतला फिल्टर बदला, मग कार्बोरेटरची जाळी आणि डायफ्रॅम, म्हणजे आतला पातळ पडदा, बघायला सांगा. स्पार्क प्लग काळा, ओला आणि धूर भरपूर असेल तर ऑइल जास्त पडलंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. प्लग पांढराफटक असेल किंवा कापताना आवाज नेहमीपेक्षा चिरका, उंच झाला, तर त्याच क्षणी बंद करा. ते पेट्रोल-हवेच्या पातळ मिश्रणाचं लक्षण आहे, आणि ‘एवढी फांदी होऊ दे’ म्हणेपर्यंत पिस्टनवर ओरखडे उठलेले असतात.

हंगाम संपला की टाकी मोकळी करा, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. कार्बोरेटर कोरडा राहिला की डायफ्रॅम चिकटत नाही. मी हे आता दिवाळीच्या साफसफाईत करतो आणि मे महिन्यात, वादळवाऱ्याच्या आधी, अर्धा लिटर ताजं मिश्रण करून मशीन एकदा सुरू करून बघतो.