आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाची लायपो बॅटरी सुरक्षितपणे चार्ज कशी करावी

लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीच्या पॅकला आग लागण्याचा सर्वांत मोठा धोका असतो तो चार्जिंगच्या वेळी. म्हणून आधी आत काय असतं ते बघू. लेबलवर '३एस' लिहिलं असेल, तर आत तीन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. एका सेलचा नेहमीचा दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२०. म्हणजे पॅक ११.१ चा, भरल्यावर १२.६.

आता समजा, दोन सेल ४.१० वर आहेत आणि तिसरा ४.४० वर. बेरीज १२.६ च! जाड वायरींना मीटर लावला तर सगळं छान दिसेल, पण तिसरा सेल मर्यादेच्या पार गेलेला असेल. असा सेल आतून बिघडतो, वायू धरतो, फुगतो, तापतो आणि पेटला की शेजारच्यांनाही पेटवतो. म्हणून पॅकला जाड वायरींशिवाय जो छोटा पांढरा बॅलन्स प्लग असतो, ज्यातून चार्जरला प्रत्येक सेल वेगवेगळा दिसतो, तो प्रत्येक वेळी चार्जरला जोडायचाच. घाई असली तरी.

आधी पॅक हातात घ्या

चांगला पॅक चपटा आणि टणक लागतो. अंगठ्याने हलकेच दाबल्यावर उशीसारखा लागला, कोपरा चेपलेला दिसला किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला, तर तो चार्ज करू नका. फुगलेल्या पॅकला टाचणी लावून हवा काढण्याचा विचारही नको. विमान आपटलं असेल, तर पॅक बाहेर काढून मोकळ्या जागी, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब, निदान अर्धा तास ठेवा. काही वेळा नुकसान उशिरा दिसतं.

मग सेल चेकर, म्हणजे प्रत्येक सेलचे व्होल्ट दाखवणारं छोटं यंत्र, लावा. एखादा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला असेल, तर तो पॅक बादच समजा. दोन सेलमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर मी त्या पॅकवर भरवसा ठेवत नाही.

नुकताच उडून आलेला पॅक गरम असतो. तो खोलीइतका निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. कडाक्याच्या थंडीत याच्या उलट, पॅक फार गार नको. शून्य अंशाच्या खाली चार्ज केलं, तर लिथियम धातूच्या रूपात आत साचतं आणि पुढे शॉर्ट होऊ शकतं.

जागा

फरशी किंवा सिमेंट. गादी, लाकडी टेबल, पडदा जवळ नको. पॅक विमानातून बाहेर काढूनच चार्ज करा. न जळणारी लायपो पिशवी वापरा किंवा पत्र्याची पेटी, पण झाकण घट्ट बसवू नका, वायूला वाट हवी. शेजारी कोरड्या वाळूची बादली.

चार्जरची सेटिंग

इथे सर्वांत जास्त लक्ष द्या. मोड 'लायपो'च हवा. निकेलच्या बॅटरीसाठीचा मोड, पॅक भरल्यावर दाब किंचित घसरण्याची वाट बघतो. लायपोमध्ये ती घसरण येतच नाही, त्यामुळे चार्जर करंट ढकलत राहतो. 'लायएचव्ही' (जास्त व्होल्टच्या लायपोसाठीचा) मोड सेलला ४.३५ व्होल्टपर्यंत नेतो, तोही साध्या लायपोला चालत नाही. सेलची संख्या चार्जरने ओळखली तरी लेबलशी ताडून बघा.

करंटचा हिशेब सोपा आहे. लेबलवरच्या एमएएचच्या, म्हणजे क्षमतेच्या, आकड्याला १००० ने भागा, आलेले अँपिअर म्हणजे १सी. २२०० च्या पॅकला २.२ अँपिअर. छोट्या ४५० च्या पॅकला ०.४५. इथे दशांश चिन्ह चुकून ४.५ झालं, तर तो पॅक दहापट वेगाने भरायला लागेल, म्हणून सुरू करण्याआधी आकडा पुन्हा वाचा. लेबलवरचा ठळक '३०सी' हा आकडा बॅटरी किती जोराने करंट देऊ शकते याचा असतो, चार्जिंगचा नाही. काही पॅकवर चार्जिंगसाठी २सी किंवा जास्त लिहिलेलं असतं, पण मी १सीवरच थांबतो. थोडा वेळ जास्त गेला तर काय बिघडतं?

जोडणी

वायर आधी चार्जरला, मग पॅकला. उलट केलं, तर वायरीच्या मोकळ्या पिना एकमेकींना टेकतात आणि भरलेला पॅक थेट शॉर्ट होतो. काढताना आधी पॅक सोडवा, मग वायर.

चार्जिंग चालू असताना

सुरुवातीला करंट स्थिर राहतो आणि दाब चढतो. सेल ४.२० ला पोचले की करंट हळूहळू उतरत जातो. शेवटचा टप्पा रेंगाळतो, ते नॉर्मल आहे. स्क्रीनवर प्रत्येक सेलचा आकडा बघत राहा. २२०० च्या पॅकमध्ये पाचवा भाग चार्ज उरला असेल, तर साधारण १७६० एमएएच आत जायला हवेत. आकडा २२०० च्या पुढे सरकला, तर लगेच बंद करा. हात लावून पाहा. १सीवर पॅक फार तर कोमट व्हावा.

पॅक चार्जिंगला लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका. फुगायला लागला, तर चार्जर भिंतीवरच्या बटणापासून बंद करा. धूर आला, तर माणसांना बाहेर काढा. त्या धुरात विषारी हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो. पेटता पॅक उचलायला जाऊ नका. सुरक्षित अंतरावरून जमलं तर वाळू टाका, नाही तर बाहेर पडून अग्निशमन दलाला फोन करा.

उडवायचं नसेल तर

दोन-तीन दिवस उड्डाण नसेल, तर पॅक भरून ठेवू नका. चार्जरच्या स्टोरेज मोडवर सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा. प्रत्येक पॅकवर मी मार्करने क्रमांक घालतो आणि चार्जिंगनंतरचे सेलचे आकडे वहीत लिहितो. एकच सेल दर वेळी मागे पडतोय असं वहीत दिसलं, की तो पॅक पूर्ण डिस्चार्ज करून, टोकांना टेप लावून ई-कचरा केंद्रात द्यायचा. घरच्या कचऱ्यात टाकायचा नाही.