ग्वाल्हेरची थंडी कमी खर्चात काढायची तर दसऱ्यापासूनच लागा

पुण्या-मुंबईकडून बदली होऊन किंवा लग्न होऊन ग्वाल्हेरला आलेल्यांचा पहिला हिवाळा जरा जडच जातो. उन्हाळ्यात इथलं ४५ डिग्री बघितलेलं असतं, त्यामुळे थंडी अशी कितीशी पडणार असं वाटतं, आणि मग डिसेंबरच्या शेवटी धुकं उतरतं, दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही, रात्रीचा पारा ४-५ वर आणि कधी त्याच्याही खाली, की मग धावत बाजारात जायचं आणि जे मिळेल ते सांगतील त्या भावात आणायचं. हीटर, ब्लोअर, जाडजूड ब्लँकेटं, आणि वर जानेवारीचं वीजबिल. हे सगळं टाळता येतं, फक्त सुरुवात दसऱ्याला करायची.

आणि एक गोष्ट आधीच पक्की करा, खोली गरम करायचा नाद सोडायचा, माणूस गरम राहील ते बघायचं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांमधे दगडी पाटियांची (लांब फरश्यांची) छतं, उंच भिंती, मधे चौक, अशा घरात हीटर कितीही लावा, ऊब वर छताला जाते नाहीतर दाराखालून बाहेर. पैसा आधी अंथरुणावर घाला, मग अंगावरच्या कपड्यांवर, मग दारं-खिडक्यांवर, आणि काही उरलं तर विजेच्या वस्तूंवर. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

ऑक्टोबरचं ऊन म्हणजे फुकटचा माल आहे. त्यात सगळ्या रजया, गाद्या, उश्या, स्वेटर दोन-तीन दिवस गच्चीवर टाका, दुपारी एकदा उलटा. पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवल्या असतील तर हे जास्तच गरजेचं, आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्याचे कपडे-दुपटी त्या गोळ्यांच्या जवळसुद्धा ठेवू नका, काही बाळांना त्याचा खरंच त्रास होतो, रक्तातल्या पेशी फुटतात. बाळाच्या कपड्यांसाठी वाळलेला कडुनिंबाचा पाला बरा.

आता रजई. नवीन घेण्याआधी घरातली जुनी बघा. रुई (आतला कापूस) कधी खराब होत नाही, ती फक्त बसते, गाठी होतात आणि मग ऊब धरत नाही. ती पिंजून परत भरून घेतली की रजई नव्यासारखी होते आणि नव्याच्या मानाने अगदी थोड्या पैशात. पण दुकानात देऊन निघून येऊ नका, उभं राहून करून घ्या. आधी खोळ उसवून जुनी रुई वजन करून घ्यायची. पिंजताना काळी धूळ आणि बारीक चुरा निघतो त्यामुळे वजन थोडं कमी भरणारच, तेवढ्यापुरती अर्धा किलोभर नवीन रुई आपल्यासमोर घालून घ्या. एका माणसाच्या रजईला दोन-अडीच किलो रुई पुष्कळ झाली, जास्त घातली तर ती अंगावर दगडासारखी पडते आणि म्हाताऱ्या माणसांना तर कूस बदलता येत नाही. खोळीचं कापड आधी घरी भिजवून वाळवून न्या म्हणजे नंतर आटणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाके, ते चार-चार बोटांवर हवेत, लांब लांब टाके घातले तर जानेवारीपर्यंत सगळी रुई पायाशी गोळा होते आणि छातीवर नुसतं कापड राहतं. वरून पातळ सुती कव्हर घाला, ते धुता येतं, रजई धुता येत नाही. हे काम दिवाळीच्या आधी उरकलं पाहिजे, दिवाळी झाली की दुकानात रांग लागते.

थंडी वरून लागते तेवढीच खालूनही लागते हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. अंगावर तीन ब्लँकेटं आणि खाली पातळ गादी, मग रात्रभर पाठ गार. सगळ्यात जुनी रजई असेल ती गादीवर अंथरा. नाहीतर गोधडी शिवा, पाच-सहा जुन्या सुती साड्या किंवा धोतरं एकावर एक अंथरायची, सगळ्यात मऊ साडी वर, कडा आत दुमडून आधी मोठे टाके घालून पक्कं करायचं आणि मग कडेकडून आत येत साधा धावदोरा. गच्चीवर उन्हात बसून दोघी-तिघी मिळून शिवलं तर काही दुपारींत होते. खर्च फक्त दोऱ्याचा. पॉलिएस्टरच्या साड्या मधे घालू नका, सरकतात.

पांघरुणातही एक जाड घेण्यापेक्षा दोन पातळ बरी, मधे हवा अडकते तीच ऊब धरते. कपड्यांचंही तेच, आत सुती बनियन, वर थर्मल, वर स्वेटर. आणि पायमोजे, कानटोपी, दगडी फरशीवर घरात घालायच्या चपला, हे तिन्ही झालं की अर्धी थंडी पळाली. धुक्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत म्हणून मुलांचे आतले कपडे आणि मोजे एरवीपेक्षा दोन-तीन जोड जास्त असू द्या. इथे थंडीत तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार लागतो, तिथे मोठ्या माणसांचे जॅकेट-स्वेटर टिकाऊ मिळतात, मुलांचे मात्र नातेवाईकांत फिरवा, एका हिवाळ्यात मूल वाढतं.

दारं-खिडक्या. संध्याकाळी उदबत्ती पेटवून खिडकीच्या फटींजवळून फिरवा, धूर जिथे हलतो तिथून वारा येतोय. फटीत जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या दाबून भरा, दाराखाली जुन्या पँटचा पाय शिवून त्यात वाळू किंवा चिंध्या भरून ठेवा, खिडकीला पडद्याच्या मागे जुनी चादर. दिवसा ऊन असेल तोवर दक्षिणेकडच्या खिडक्या सताड उघड्या आणि चार-साडेचारला सगळं बंद. फरशीवर सतरंजी.

पण आता हे नीट वाचा. असं सगळं बंद केलेल्या खोलीत कोळशाची किंवा लाकडाची शेगडी पेटवून झोपायचं नाही, कधीच नाही. दर हिवाळ्यात आपल्या भागातून अशा बातम्या येतात, रात्री शेगडी ठेवून झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, धूरही दिसत नाही, निखारे लाल झाले की धोका गेला असं वाटतं पण तो तेव्हाही निघतच असतो. डोकं दुखायला लागतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं उबेमुळे झोप येतेय. शेगडी अंगणात, चौकात, गच्चीवर, मोकळ्यावर, आणि झोपायला आत जाताना ती बाहेरच. हीच गोष्ट गॅस गीझरची, तो बाथरूमच्या आत असेल तर खिडकी उघडी हवीच, जमलं तर गीझर बाहेर लावून फक्त पाइप आत घ्या. कुणाला चक्कर आल्यासारखं वाटलं तर आधी दार उघडून मोकळ्या हवेत न्या आणि लगेच दवाखाना.

विजेचा हिशोब सोपा आहे. १००० वॉटचा हीटर तासाला एक युनिट खातो, रोज चार तास म्हणजे महिन्याला १२० युनिट. दोन हजार वॉटच्या ब्लोअरला त्याच्या दुप्पट. आपल्या मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा खप १५० युनिटच्या आत राहिला तरच पहिल्या १०० युनिटची सवलत मिळते, म्हणजे एकटा हीटर ती सवलत घालवू शकतो. १५ लिटरचा गीझर एकदा तापायला साधारण अर्धा युनिट लागतो, म्हणून चौघांनी लागोपाठ आंघोळ करावी आणि बटण बंद, दिवसभर चालू ठेवू नये. विजेवरचं ब्लँकेट १०० वॉटच्या आसपास असतं, झोपायच्या आधी अर्धा-पाऊण तास अंथरूण तापवायचं आणि झोपताना बंद, याला खर्च जवळजवळ नाहीच. ते घडी घालून चालू करू नका आणि हीटर एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, मोठ्या १६ अँपिअरच्या प्लगलाच लावा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी बर्फ असतं, दुपारी बरं असतं, ज्यांना जमतं त्यांनी आंघोळ बाराला करावी. घरच्या म्हाताऱ्यांनी तर नक्कीच.

त्यांच्याबद्दल एवढंच की थंडीत बीपी वाढतं, तेव्हा नोव्हेंबरमधेच एकदा डॉक्टरांकडे दाखवून आणा, गोळ्या महिन्याभराच्या घरात ठेवा, आणि पहाटेचं फिरणं बंद करून ऊन आल्यावर जाऊ द्या. तहान लागत नाही म्हणून पाणी पीत नाहीत, कोमट पाण्याचा थर्मास जवळ ठेवा.

किराण्याचं आपल्याकडे एक वेगळंच आहे. इथे हिवाळ्यात काही कमी पडत नाही, उलट भाजी सगळ्यात स्वस्त असते, त्यामुळे भाजीचा साठा करायचं कारण नाही. साठा करायचा तो तीळ, गूळ, बाजरी आणि मोहरीच्या तेलाचा. दोन-तीन घरं मिळून दाल बाजारातून (इथला घाऊक बाजार) एकदम आणा, भावात फरक पडतो. तीळ दिवाळीनंतर लगेच घ्या, नवीन पीक आलेलं असतं, संक्रांत जवळ आली की भाव चढतो. बिनपॉलिशचे घ्या, जास्त टिकतात. गूळ जरा काळपटच घ्या, फार पिवळा चकचकीत नको, आणि डब्यात कोरडा ठेवा. बाजरी भिंड-मुरैन्याकडची चांगली येते, पण दाणे साठवा, पीठ नाही, बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू व्हायला लागतं तेव्हा थोडं थोडं दळून आणा.

डिंकाचे लाडू महाग पडतात, डिंक, खारीक, खोबरं, सगळंच महाग. अळीव, मेथी, कणीक आणि गुळाचे करा, थंडीचं काम तेही करतात. मेथी भाजून दळून दोन दिवस तुपात भिजवून ठेवली की मुलंही कुरकूर करत नाहीत. जानेवारीत मटार उतरला की मग मात्र उन्हाळ्यासाठी भरून ठेवायचा, शेंगांच्या निम्मे दाणे निघतात हे धरून घ्या, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच नळाच्या पाण्यात (त्या दिवसांत नळाचंच पाणी पुरेसं गार असतं), कापडावर कोरडे करून पिशव्या फ्रीजरमधे. आवळेही याच दिवसांत स्वस्त, मोरावळा एकदाच घाला. आणि सिलिंडर, थंडीत गॅस जास्त लागतो, तेव्हा नवीन लावला त्याच दिवशी दुसऱ्याचा नंबर लावा.

कामाला येणाऱ्या मावशी, गल्लीतला चौकीदार, यांना घोंगडी-स्वेटर द्यायचं असेल तर संक्रांतीच्या दानाची वाट बघू नका. १४ जानेवारीपर्यंत कडाक्याची थंडी त्यांनी तशीच काढलेली असते. नोव्हेंबरमधे कपाट आवरताना जे निघेल ते तेव्हाच द्या, धुऊन, बटणं लावून, चेन चालतेय ना बघून.

पुढच्या वर्षासाठी घ्यायचं असेल ते मेळ्याच्या शेवटी घ्या. ग्वाल्हेरचा मेळा १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला, डिसेंबर-जानेवारीत भरतो आणि फेब्रुवारीत उठायला येतो, तेव्हा शाली-ब्लँकेटवाल्यांना माल परत न्यायचा नसतो आणि भाव करता येतो. होळीच्या सुमारास सगळं लोकरीचं धुऊनच पेटीत ठेवा, घामाच्या आणि तेलाच्या डागांवरच कसर लागते, आणि कुणाला कुठला स्वेटर लहान झाला ते चिठ्ठीवर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून टाका.