रूट टच-अपनंतर कानशिलांवरचे पांढरे केस तसेच राहतात? माझा अनुभव

पार्लरमधल्या सहकारी मुलीने केलेलं रूट टच-अप (मुळाशी नव्याने वाढलेल्या केसांना रंग लावणं) पहिल्याच धुण्यात उघडं पडायचं. भांगात रंग ठीक, कानशिलं मात्र पांढरीच. तक्रार घेऊन बाई यायच्या माझ्या खुर्चीत. फुकट दुरुस्त्या करून वैताग आला होता.

समजावून झालं, मालकिणीला सांगून झालं. डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड) जास्त तीव्र, ३० व्हॉल्यूमचा वापरला, तर मुळं तांबूस दिसू लागली. शेवटी ती रंग लावताना शेजारी उभी राहिले. बटा बोटभर जाड, ब्रशवर रंग जेमतेम, कानशिलं सगळ्यात शेवटी!

जमलं ते असं. कोरड्या केसांचे चार भाग. फॅशन शेडमध्ये (लालसर, सोनेरी अशा छटा) निम्मी नॅचरल शेड (साधा काळा-तपकिरी रंग), डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा (६ टक्के). प्रमाण खोक्यावर लिहिलेलं, पण वजनकाट्यावर मोजून, अंदाजपंचे नाही. सुरुवात कानशिलांपासून, तिथले पांढरे सर्वांत हट्टी. बटा अर्धा सेंटीमीटरच्या, रंग दोन्ही बाजूंनी भरपूर. शेवटची बट झाली की मगच टायमर, ३५ ते ४५ मिनिटं. धुण्याआधी कानशिलावरची बट ओल्या कापसाने पुसून बघायची. पांढरं दिसलं तर तिथे ताजा रंग.

आणि ग्राहकाच्या नोंदीच्या कार्डावर रंग लावणारीचं नाव. दुरुस्ती निघालीच तर आता तिची तीच करते, मी फक्त बघते.