छातीच्या ऑपरेशननंतर श्वासाचा व्यायाम: या चुका टाळा

बाबांची बायपास झाल्यावर तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं यंत्र, हातात आलं आणि आम्ही दोन दिवस त्यांना त्यात फुंकायला लावलं. गोळ्या हलेनात, बाबा घामाघूम. तिसऱ्या दिवशी फिजिओ मॅडम म्हणाल्या, "काका, फुंकायचं नाही, ओढायचं." ही चूक घरोघरी होते. दुखतं म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो. मग फुफ्फुसाच्या तळचे वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या, मिटतात, तिथे कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. मिटलेला वायुकोश उघडतो तो आत ओढलेल्या हवेने.

दुसरी चूक म्हणजे झटका. गोळ्यांपाशी 600, 900, 1200 असे आकडे असतात, ते हवेच्या वेगाचे. जोरात ओढलं की तिन्ही गोळ्या क्षणभर वर जातात, घरचे टाळ्या वाजवतात, पण फुफ्फुस भरलेलंच नसतं. यंत्र तिरकं धरलं तरी गोळ्या फुकट चढतात. ताठ बसा, यंत्र उभं धरा, श्वास पूर्ण सोडा, नळीभोवती ओठ घट्ट मिटून सावकाश ओढा. एखादी गोळी वर तरंगत राहिली तरी पुरे. तीन-चार सेकंद रोखून सोडा. जागेपणी दर तासाला दहा वेळा, मध्ये दम घेत. गरगरलं तर थांबा.

टाके उसवतील या भीतीने खोकला दाबू नका. बाबांनी तो रात्रभर दाबला, सकाळी छाती घरघरत होती. उशी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून खोकलं की हाडाला आधार मिळतो आणि बेडका सुटतो. वेदनाशामक गोळी टाळण्यात कसलाही पराक्रम नाही. दुखणं आटोक्यात असलं तरच खोल श्वास जमतो, म्हणून व्यायाम गोळीनंतर अर्ध्या तासाने करावा.

भेटायला येणारे "पडून राहा" म्हणतात. ऐकू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की खुर्चीत बसायचं, व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या. फक्त उठताना हातांवर भार नको, कुशीवर वळून पाय खाली सोडा. विडी-सिगारेट तर घरातल्या कोणीच ओढू नये.

ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, कफ पिवळा-हिरवा झाला, छातीचं हाड कटकट वाजलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. दम अचानक वाढला किंवा कफातून रक्त आलं, तर फोनवर वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.