‘हुकूमशाहीच बरी’ सांगणारा आकडा तपासायचा कसा?

‘चीन बघा, सिंगापूर बघा, आपल्याला लोकशाहीनं मागं ठेवलं’ हा मेसेज फॅमिली ग्रुपवर अधूनमधून येतोच. काकांशी वाद घालण्याआधी अर्धा तास आणि एक एक्सेल शीट काढा.

वर्ल्ड बँकेच्या डेटा साइटवरून दरडोई जीडीपी घ्या, तोही स्थिर किमतींचा. चालू डॉलरच्या मालिकेत महागाई आणि विनिमय दर दोन्ही मिसळलेले असतात, त्यावरून वाढ काढली की गणित बिघडतं. सरासरी दरासाठी ७२ चा हिशेब पुरतो. समजा २०० चे ८०० व्हायला २० वर्षं लागली. म्हणजे रक्कम दोनदा दुप्पट झाली, दर वेळी १० वर्षांत. ७२ भागिले १०, म्हणजे वर्षाला ७.२ टक्के.

खरी चलाखी वर्षं निवडण्यात असते. ‘आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या, देशही धावत होता’ हे आपल्याकडचं आवडतं उदाहरण. १९७५-७६ मध्ये वाढ ९ टक्क्यांच्या आसपास होती, हे खरंच. पण आधीच्या वर्षी ती जेमतेम १ टक्का होती, त्यामुळे पायाच खाली होता. शिवाय १९७५ चा पाऊस चांगला झाला, शेतीचं उत्पादन उसळलं. पुढच्या वर्षी आणीबाणी होतीच, सेन्सॉरही होता, तरी वाढ २ टक्क्यांच्या खाली आली. ढगांना अध्यादेश लागू होत नाही. म्हणून दावा एका वर्षावर उभा असेल तर मागची-पुढची पाच-पाच वर्षं शेजारी मांडा.

मग देशांची यादी पुरी करा. सिंगापूर घेतलंत तर हुकूमशहा मोबुटूंचं झैर (आजचं काँगो, १९६५ ते १९९७), लष्करशहा ने विन यांचा ब्रह्मदेश आणि उत्तर कोरियाही घ्या. फक्त पास झालेल्यांच्या गुणपत्रिका बघून क्लास चांगला ठरत नाही. तेलावर जगणारे देश वेगळ्या रकान्यात टाका. इक्वेटोरियल गिनीचं दरडोई उत्पन्न तेल सापडल्यावर उसळलं, त्याचं श्रेय राजवटीला देता येत नाही.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात. राजवट आणि बाजार यांचे रकाने वेगळे करा आणि एकाच देशाचं आधी-नंतर बघा. चीनमध्ये १९५८ ते ६२ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली तेव्हाही कम्युनिस्ट पक्षच सत्तेत होता, आणि १९७८ नंतर तोच. पक्ष तोच राहिला, बदललं आर्थिक धोरण. भारतात लोकशाही १९९१ च्या आधीही होती, नंतरही आहे. वेग मात्र बदलला (तो ऐंशीच्या दशकातच वाढू लागला होता, हेही नोंदवा). उलट बाजूनं दक्षिण कोरिया घ्या. लष्करशहांच्या काळात तो झपाट्यानं वाढला, पण १९८७ मध्ये लोकशाही आल्यावर थांबला नाही.

शेवटी, आकडा मोजला कुणी? ली केचियांग, पुढे चीनचे पंतप्रधान झाले ते, २००७ मध्ये लिआओनिंग प्रांताचे पक्षसचिव होते. तेव्हा त्यांनी अमेरिकी राजदूताला सांगितलं की आपण जीडीपीपेक्षा विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जं बघतो. अमेरिकी दूतावासाच्या बाहेर फुटलेल्या गोपनीय संदेशात तशी नोंद आहे. जून २०२३ मध्ये चीनमधली तरुणांची बेरोजगारी २१.३ टक्के निघाली, तर ऑगस्टपासून तो आकडा छापणंच बंद झालं. जानेवारी २०२४ मध्ये तो परत आला, पण विद्यार्थी वगळून. शिकागो विद्यापीठाचे लुईस मार्टिनेझ यांनी उपग्रहांतून दिसणारे रात्रीचे दिवे जीडीपीशी ताडून पाहिले. हुकूमशाही देशांचे वाढीचे आकडे सरासरी ३५ टक्क्यांनी फुगलेले निघाले. म्हणजे सांगितलेल्या ७ ला १.३५ ने भागायचं, ५.२ उरतात. ही सरासरी आहे, प्रत्येक देशाला डोळे झाकून लावू नका.

एवढं केल्यावर लोकशाहीच्या बाजूनं ढोल बडवायचा मोह होईल, तोही आवरा. अर्थतज्ज्ञ दरोन असेमोग्लू आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात लोकशाहीकडे वळलेल्या देशांचं दरडोई उत्पन्न २५ वर्षांत सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघालं. चक्रवाढीनं वर्षाला वाटून बघा, पाऊण टक्काही भरत नाही. एका चांगल्या पावसाळ्यात दिसेनासा होईल एवढाच हा फरक, म्हणून तो शोधायला २०-२५ वर्षांची मालिका लागते.