कुयरीची शेपटी कुठल्या बाजूला?

सांगलीहून पुण्याला भूविज्ञान शिकायला आले तेव्हा वाकलेला खडक मी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. आपल्याकडे तो सहजी दिसतही नाही. घाटात एसटी वळण घेते तेव्हा खिडकीतून दिसतो तो बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, चवडीतल्या भाकऱ्यांसारखा थरावर थर, जवळजवळ आडवा. सह्याद्रीला आपण पर्वत म्हणतो खरं, पण तो घड्या पडून वर आलेला नाही. हिमालय मात्र ‘वली पर्वत’, असं भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं. शेजारी आकृती : दोन बाजूंनी दोन बाण आणि मध्ये नागमोडी रेषा. त्या आकृतीनं माझी तीन वर्षं खाल्ली. मला वाटायचं, हिमालयात गेलं की समोर तशी लाट दिसेल.

मी पाहिलेली पहिली लाट हातभर लांब होती आणि तीही गोव्यात. गोव्यात आणि तळकोकणात बेसाल्टपेक्षा कितीतरी जुने खडक उघडे पडले आहेत. लोहखनिजाच्या पट्ट्यांमध्ये घडीवर घडी पडलेली दिसते. महाराष्ट्रात शिकत असाल तर हिमालयाची वाट बघू नका, आधी तिकडे जा. मुंबईजवळचे लाव्ह्याचे थरही निरखा, ते पश्चिमेकडे कललेले आहेत. पनवेल फ्लेक्शर म्हणतात तो हाच कल. कंपास धरायचा सराव तिथे फुकटात होतो.

एम.एस्सी.ला असताना आमचा खरा फिल्ड (डोंगरात जाऊन करायचं काम) झाला अलकनंदेच्या खोऱ्यात, चमोली ते जोशीमठ. हा रस्ता बद्रीनाथचा, त्यामुळे आमच्या मागे-पुढे यात्रेकरूंच्या गाड्या. गाडी थांबवून लोक विचारायचे, ‘क्या मिला, सोना?’ आधी आम्ही समजावून सांगायचो. चौथ्या दिवसापासून ‘अभी नहीं मिला’ म्हणून मोकळे व्हायचो.

या रस्त्यावर हेलंगच्या आसपास मेन सेंट्रल थ्रस्टचा पट्टा लागतो. थ्रस्ट म्हणजे एक खडक दुसऱ्यावर चढतो ती भेग. खालचे खडक दक्षिणेकडे राहिले आणि वरचा, खोल भाजून निघालेला खडकांचा प्रचंड तुकडा त्यांच्यावर चढला. ईशान्येकडून नैऋत्येकडे, साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी. नेमकी सीमारेषा कुठे आखायची यावर जाणकारांत अजून वाद आहेत. कोणी ती खालच्या मुनस्यारी थ्रस्टवर आखतं, कोणी वरच्या वैक्रिता थ्रस्टवर. नवख्याला हे ऐकून धक्का बसतो, इतक्या मोठ्या गोष्टीची जागा ठरलेली नाही? पण जमिनीवर ती रेष नसतेच, काही किलोमीटर जाडीचा चिरडलेला पट्टा असतो. गंमत अशी की एरवी खोलवर जावं तसा खडक जास्त भाजलेला मिळायला हवा, इथे उलटं. वर चढत जाल तशी आधी गार्नेट दिसतात, मग जास्त भाजल्याची खूण असलेल्या कायनाईट या खनिजाच्या निळसर पट्ट्या. उतरंडीतलं तळाचं मडकं वर यावं तसं.

आता काम काय करायचं, तर मोजायचं. खडकातल्या पातळीवरच्या, म्हणजे सपाट पृष्ठावरच्या, आडव्या रेषेची दिशा म्हणजे स्ट्राईक, ती पातळी किती अंशांनी आणि कुठे कलली आहे ते डिप, आणि त्या पातळीवर खनिजं ज्या दिशेनं ओढली गेली आहेत ती रेघ म्हणजे लिनिएशन. दिवसाला चाळीस-पन्नास मोजमापं. हे कंटाळवाणं आहे, उगाच गोड बोलत नाही. संध्याकाळी ती सगळी स्टिरिओनेटवर (दिशा मांडायच्या गोल जाळीवर) ठिपक्यांसारखी मांडली की ठिपके एका बाजूला गोळा होतात, तेव्हा कुठे दिवसाचं सार्थक वाटतं. मोबाइलचं ॲप वापरणार असाल तर कव्हरमध्ये चुंबक नाही ना ते बघा. आमच्यातल्या एकाच्या सगळ्या दिशा पहिला दिवसभर वीस-वीस अंशांनी चुकत होत्या. हातोडाही कंपासपासून लांब ठेवा.

पण दिशा मोजून कोण कुणावर सरकलं ते कळत नाही. त्यासाठी लहानात लहान गोष्टी बघाव्या लागतात, आणि मला या विषयाचं वेड लागलं ते इथे. पत्त्यांचा कॅट घ्या, बाजूवर पेनानं गोल काढा आणि कॅट तिरका सरकवा. गोलाचा लंबगोल होतो आणि तो ज्या बाजूला झुकतो त्यावरून वरचे पत्ते कुठे गेले ते सांगता येतं. खोलवर खडकाचं असंच होतं. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर क्वार्ट्झ हे खनिज तुटण्याऐवजी वाहायला लागतं, फेल्डस्पार हे दुसरं खनिज मात्र त्या तापमानाला अजून कडकच असतं. मऊ पिठात अडकलेल्या खड्यासारखा फेल्डस्पारचा दाणा राहतो आणि दोन्ही टोकांना त्याला शेपट्या फुटतात. हुबेहूब साडीच्या काठावरची कुयरी. एक शेपटी वर वळलेली, दुसरी खाली. त्या वळणावरून ठरतं की वरचा खडक डावीकडे गेला की उजवीकडे. सूक्ष्मदर्शकाखाली अभ्रकाचे तिरपे दाणेही हीच साक्ष देतात. ते माशांसारखे दिसतात म्हणून त्यांना ‘मायका फिश’च म्हणतात. यासाठी खडक लिनिएशनला समांतर आणि पातळीला काटकोनात कापायचा, घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा करायचा. दुसऱ्या कुठल्या दिशेनं कापला तर कुयरी दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये.

माझा घोळ इथेच झाला. हेलंगच्या वर घेतलेल्या एका नमुन्याच्या स्लाईडमध्ये सगळ्या कुयऱ्या उलट्या होत्या. वरचा खडक नैऋत्येला चढण्याऐवजी ईशान्येला घसरलेला. हिमालयात अशी उलटी घसरण आहे, पण ती पार वर, तिबेटच्या बाजूला. ती इतक्या खाली मिळाली म्हणजे मी काहीतरी मोठं शोधलं! दोन आठवडे मी तरंगत होते. सेमिनारसाठी आकृत्यासुद्धा काढल्या. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘बाण कुठल्या पृष्ठावर काढला होतास? वरच्या की खालच्या?’’

वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं. मग आठवलं, तो खडक रस्त्यावर छपरासारखा पुढे आलेला होता. पावसात भिजायला नको म्हणून मी त्याच्याखाली उभी राहून खालच्या बाजूवर स्ट्राईक-डिप दाखवणारा बाण काढला होता. प्रयोगशाळेत तीच बाजू वरची समजून दगड ठेवला गेला. दगड उपडा, म्हणून शोधही उपडा.

तेव्हापासून माझ्या वहीची दोन पानं ठरलेली आहेत. डाव्या पानावर जे दिसलं, मोजलं, काढलं ते : पृष्ठ वरचं की खालचं, पाऊस होता का, खडक जागचा आहे की दरडीतून आलेला धोंडा आहे, हे सगळं. उजव्या पानावर जे वाटलं ते. उजवं पान खोडायला परवानगी आहे, डावं नाही. रेखाचित्र फोटोपेक्षा बरं, कारण ते काढताना पाहावं लागतं. फोटो मात्र काढाच, आणि त्यात पेन किंवा हातोडा ठेवा, नाहीतर घरी आल्यावर घडी दोन इंचांची होती की दोन मीटरची, ते देवाला ठाऊक.

घरी करण्याजोगा एक प्रयोग सांगते. काचेची जुनी मत्स्यपेटी, बारीक कोरडी वाळू आणि दोन रंगांची रांगोळी. वाळू आणि रांगोळीचे थर आलटून-पालटून पसरा आणि एका बाजूनं फळी हळूहळू आत ढकला. आधी फळीजवळ उंचवटा येतो, मग साधारण तीस अंशांची एक फट पडून थर थरावर चढतो, मग त्याच्या पुढे दुसरी फट, तिसरी. हिमालयातही थ्रस्ट ढोबळमानानं असेच उत्तरेकडून दक्षिणेकडे एकामागून एक तयार झाले. संशोधनासाठीही वाळूच्या पेट्या वापरतात, फक्त तिथे फळी मोटरवर चालते.

पर्वत किती खोल आहे याचा शोध तर ओळंब्यानं लागला. एकोणिसाव्या शतकात भारताच्या सर्वेक्षणात मध्य प्रदेशातलं कल्याणपूर आणि उत्तरेतलं कलियाना यांच्यातलं अंतर त्रिकोणमापनानं एक आलं आणि ताऱ्यांवरून दुसरं. फरक ५.२४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे जमिनीवर साधारण १६० मीटर. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो हे कारण उघड होतं. कलकत्त्याच्या जॉन प्रॅट या पाद्र्यानं हिशेब केला तर ओढ त्याच्या तिप्पट निघायला हवी होती! १८५५ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की पर्वताखाली हलक्या खडकाचं मूळ खोल गेलेलं असावं. आज हेच काम भूकंपलहरींवरून करतात.

सरकणं अजून चालू आहे. जीपीएसच्या नोंदींनुसार भारत आणि आशिया वर्षाला चार-पाच सेंटिमीटरनं जवळ येत आहेत, त्यातले सुमारे दोन हिमालय सोसतो. सोसलेलं कधीतरी सुटतं. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडूचा परिसर साधारण मीटरभर वर उचलला गेला. उपग्रहांच्या रडारवरून हे मोजणारी मुलं कधीकधी हातोडा हातातही घेत नाहीत. मला ते पटत नाही, पण नोकऱ्या तिकडेच वाढत आहेत, हेही खरं.

वाटा थोडक्यात. बी.एस्सी.नंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येतं. पुढे गेट आणि नेट या परीक्षा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. हिमालयावरच काम करायचं तर डेहराडूनची वाडिया संस्था. घराजवळ राहायचं असेल तर कराडला कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल बोअरिंग करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, तिच्या चाचणी विवराची खोली ३ किलोमीटर आहे. गणित कच्चं असेल तर आत्ताच पक्कं करा. त्रिकोणमिती आणि मॅट्रिक्स रोज लागतात.

मुलींसाठी एक गोष्ट, जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती : फिल्डवर शौचालयाची सोय कुठे आहे हे सकाळी निघण्यापूर्वी विचारून घ्या, लाजू नका. पाणी कमी पिऊन दिवस काढणारी एक मैत्रीण तिसऱ्या दिवशी तापानं पडली होती.

पिशवीत काय न्यावं? कंपास, दहापट मोठं दाखवणारं भिंग, हातोडा, डोळ्यांना चश्मा, टोपोशीट (चढउतार दाखवणारा नकाशा), पेन्सिली, जाड वही, गूळ-शेंगदाणे. आणि पाण्यानं न पुसला जाणारा मार्कर. तो दोन न्या, एक चमोलीच्या आसपास हरवतो.